गायरानातली झाडं कुणी तोडली

पोलिसाला कागद वाचता आला पाहिजे, असं मी नव्या शिपायांना नेहमी सांगायचो. माझा स्वतःचा कागदावर फार भरवसा. त्याच भरवशावर एकदा मी एका निरपराध माणसाला कोठडीत बसवलं, आणि म्हणून सेलू तालुक्यातली ती घटना अजून मनातून जात नाही. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण साध्या झाडतोडीचं होतं, तरी त्यातला शब्द न् शब्द लक्षात आहे.

माझं ठाणं ग्रामीण भागातलं. वालूरच्या बाजूची बरीच गावं हद्दीत. त्यातल्याच एका गावचे एक मोठे बागायतदार श्रावणात ठाण्यात आले. अंगावर कडक इस्त्री, हातात प्लास्टिकची फाइल. गावच्या गायरानातली लिंबाची आणि बाभळीची झाडं तोडून एकानं तिथं सोयाबीन पेरलं आहे, अशी त्यांची फिर्याद होती. फाइलमध्ये मोबाइलवर काढलेले फोटो, गावकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज, आणि आरोपीचं नाव, वय, गट नंबर, सगळं टाइप करून. आम्हाला फक्त शिक्का मारायचा बाकी ठेवला होता.

"साहेब, गायरान गावाचं आहे. मला यात काही नको. कायद्यानं होऊ द्या," ते म्हणाले.

आमचे हवालदार मूळचे पाथरीकडचे, नोकरीत मुरलेले. फिर्यादी गेल्यावर त्यांनी फाइल उलटीसुलटी करून पाहिली. "सायेब, खबर लय आयती हाय. जरा दमानं घ्या," म्हणाले. आयती खबर म्हणजे आयतं ताट. जेवायच्या आधी कुणी रांधलं ते विचारावं. हे वाक्य मीच कधीतरी त्यांना ऐकवलं होतं. त्या दिवशी मात्र मी ते हसण्यावारी नेलं.

आरोपी चाळिशीतला माणूस. गायरानाला लागून पश्चिमेला त्याचं दोन एकर वावर. नवरा-बायको दोघं दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे आणि गुढीपाडव्याच्या आसपास माघारी यायचे. गायरानाच्या पूर्वेला, ओढ्याकडच्या बाजूनं, फिर्यादीची जमीन. म्हणजे गायरान मधे, एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला ते.

आता हद्दीचा प्रश्न आला की पोलीस नजरेनं ठरवू शकत नाही. अधिकृत मोजणीला वेळ लागणार होता. परभणीत नकाशाचं काम करणाऱ्या एक तरुण बाई होत्या. शेतीचं शिक्षण झालेलं, स्टेशनच्या रस्त्याला छोटं ऑफिस, दोन संगणक. आधी एका प्रकरणात त्यांनी आम्हाला मदत केली होती. काम असं, की गावाचा जुना नकाशा संगणकात घ्यायचा, उपग्रहानं काढलेल्या चित्रावर तो नीट बसवायचा, आणि मग प्रत्येक गटाच्या रेषेच्या आत झाडं किती, पीक किती, पडीक किती, ते संगणकाकडून मोजून घ्यायचं. साल बदललं की चित्र बदलतं, रेषा तीच राहते. मला ही पद्धत फार आवडली. साक्षीदार फिरतो, उपग्रह कशाला फिरेल?

नकाशा चित्रावर बसवायला जमिनीवरची एखादी पक्की खूण लागते. गायरानाच्या कोपऱ्यांचे दगड शोधायला हवालदार गेले. तीन दगड नांगराखाली कधीच गेले होते. चौथा मात्र होता, शेंदूर फासलेला, सिमेंटच्या ओट्यावर, पांदणीच्या कडेला. म्हसोबा. हाच शिवेचा दगड, असं अख्ख्या गावानं एकमुखानं सांगितलं. पंचांच्या सह्या झाल्या. बाईंनी त्या ओट्याची जागा यंत्रावर नोंदवली, ओढ्यावरून दिशा धरली आणि नकाशा बसवला.

आठवड्यानं अहवाल आला. वरच्याच पानावर रंगीत चित्र. झाडं हिरवी, पीक पिवळं, गायरानाची हद्द लाल. त्या लाल रेषेच्या आत पश्चिमेला पिवळा पट्टा लख्ख दिसत होता. आरोपीचं निम्मं वावर गायरानात. मी अहवाल मिटला आणि त्याला आणायला गाडी पाठवली.

त्याची चौकशी मी स्वतः केली. अर्धा दिवस. झाडं कुठं विकली, सोबत कोण होतं, करवत कुणाची. तो खाली मान घालून एकच सांगत राहिला.

"सायेब, मव्हं वावर हाय तिथंच हाय. म्या कुटं बी सरकलो न्हाई."

"मग हे काय?" मी चित्र त्याच्यापुढं धरलं.

त्यानं ते बराच वेळ पाहिलं. "मला ह्यातलं कळत न्हाई. पर वावर बापानं दिलं तेवढंच हाय."

खोटं बोलणारा माणूस दर वेळी जबाबात थोडी भर घालतो. खरा माणूस तेच ते सांगून आपल्याला कंटाळा आणतो. इतक्या वर्षांत हा अनुभव मला एकदाही चुकीचा ठरलेला नव्हता. पण माझ्यापुढं रंगीत कागद होता, आणि रंगीत कागदापुढं माझा अनुभव गप्प बसला. मी त्याला अटक केली. कोर्टानं दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली. इकडं तहसीलचं पत्र आलं: येत्या सोमवारी अतिक्रमण काढायचं, उभं पीक ट्रॅक्टरखाली घ्यायचं, पोलीस बंदोबस्त द्यावा.

त्याची बायको दोन्ही दिवस ठाण्याच्या आवारात लिंबाखाली बसून होती. हातात सातबारा, घड्या घालून घालून मऊ झालेला. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसत असताना ती आडवी आली. रडली नाही, पाया पडली नाही.

"सायेब, उसाला जातोत आमी. तिकडं लोक म्हणतेत, इकडंच राहा की, गावाकडं काय ठेवलंय? हे वावर हाय म्हणून आमी माघारी येतोत. हेच गेलं तर येऊन बसावं कुटं?"

मी म्हणालो, "बाई, कायद्याचं काम आहे." हे वाक्य आम्हा लोकांना फार उपयोगी पडतं. समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर नसलं की ते आपोआप तोंडात येतं.

पुढच्या दिवशी सकाळीच परभणीहून बाईंचा फोन आला.

"सर, तुम्ही अहवाल पूर्ण वाचलात का?"

"वाचला की. निम्मं वावर आत आहे."

"ते पहिलं पान झालं. मी सहा वर्षांची सहा पानं पाठवली होती. काहीतरी जुळत नाहीये. तुम्ही येऊन बघा."

मला राग आला, पण गेलो. त्यांनी सहाही चित्रं टेबलावर ओळीनं मांडली. आरोपीचं वावर सहाही वर्षं पिवळंच. तिथं कधीही झाड नव्हतं. मग त्यांनी पूर्वेकडं बोट नेलं. पाच चित्रांत तिथं दाट हिरवा पट्टा होता. सहाव्यात तो गायब होऊन पिवळा झालेला.

"झाडं गेली आहेत ती इथली. पण नकाशाप्रमाणं ही जागा गायरानात येत नाही. फिर्यादीच्या खासगी गटात येते," बाई म्हणाल्या.

"मग त्यांची झाडं त्यांनी तोडली असतील."

"सर, ओढ्याकाठची काळी जमीन. पाण्याची सोय. असल्या वावरात कोण पाच वर्षं बाभळी सांभाळतं?"

मी शेतकऱ्याचाच मुलगा. हे मला आधीच सुचायला हवं होतं. त्या पुढं म्हणाल्या, "बदल मोजायचा म्हणजे निदान दोनदा बघावं लागतं सर. एका चित्रात बदल दिसत नाही." त्यांनी हे अगदी साधेपणानं सांगितलं. मी एकच पान पाहिलं होतं आणि त्या एका पानावर माणूस आत टाकला होता.

शुक्रवार होता. सोमवारी ट्रॅक्टर जाणार होते. मी बाईंना आणि हवालदारांना घेऊन तसाच गावात गेलो. नकाशा बसवण्यात काही गडबड आहे का, ते जागेवर पाहायचं होतं. पण ओटा जागेवर होता, म्हसोबा जागेवर होता, यंत्रावरची नोंदही बरोबर होती. बाई घामाघूम होऊन तीन वेळा मोजून आल्या. काहीच चुकलेलं नव्हतं.

आरोपीची बायको वावरातच होती. सोमवारच्या आत जेवढं निघेल तेवढं सोयाबीन एकटीनं काढायचं, असं तिनं ठरवलं होतं. शेंगा भरल्या होत्या, पण अजून हिरव्या होत्या. आम्हाला पाहून ती थांबली नाही. आमच्याकडं पाठ करून तिनं फडक्यातली भाकरी सोडली. काढणीला सुरुवात करायच्या आधी म्हसोबाला नैवेद्य दाखवायची आमच्याकडं रीतच आहे. तिनं ओट्यावर भाकरी-भाजी ठेवली, हात जोडले. मला वाटलं झालं. पण ती तिथून निघाली ती वावर तुडवत सरळ पूर्वेला, धुऱ्यापर्यंत म्हणजे वावराच्या बांधापर्यंत गेली. तिथं एका बोरीच्या झुडपाखाली वाकली, हातानं गवत बाजूला केलं आणि दुसरी भाकरी मातीवर ठेवली. तिथं ना दगड होता, ना शेंदूर.

पोलिसाची नजर वायफळ गोष्टीवर आधी जाते. मी तिच्याजवळ गेलो.

"इथं कुणाला ठेवलं?"

"म्हसोबाला."

"म्हसोबा तर तिकडं आहे."

एवढंही ह्याला ठाऊक नसावं, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. "देव तिकडं नेला सायेब. पर ठाणं इथलंच हाय ना. पयले देव इथंच व्हता. पावसाळ्यात ह्या काळ्या रानात बायांचे पाय रुतायचे, म्हणून गावानं उचलून तिकडं उंचावर नेला, ओटा बांधला. मव्ही सासू म्हणायची, देव माणसानं हालवला, जागा न्हाई हालत. तवापासून आमी दोन्हीकडं ठेवतोत."

शिवेचा दगड गावानं चिखलाला कंटाळून उचलला होता. भक्तीनं उचलला होता, सगळ्यांनी मिळून उचलला होता, म्हणून तो हलवला असं कुणालाच वाटत नव्हतं. 'हाच का शिवेचा दगड?' असं आम्ही विचारलं. दगड तोच होता, गाव खरंच बोललं होतं. 'हा पहिल्यापासून इथंच आहे का?' हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

बाईंनी बोरीखालची जागा नोंदवली. ओट्यापासून पूर्वेला साठ-सत्तर पावलं. पण आता मी नुसत्या शब्दावर पुढं जाणार नव्हतो. "दुसरी एखादी खूण सांगा," मी बाईंना म्हणालो. जुन्या नकाशावर गावाजवळ एक बारीक गोल होता. तो त्यांनी बुजलेली विहीर समजून सोडून दिला होता. हवालदारांनी विचारपूस केली, तर ती गावची जुनी बारव निघाली. चिलारीच्या झुडपांत इतकी बुडालेली की आकाशातून दिसायची सोय नव्हती. आम्ही काटे बाजूला करत तिच्या पायऱ्यांपर्यंत गेलो, जागा नोंदवली. संध्याकाळी परभणीत बाईंनी नकाशा बोरीखालच्या जागेवर बसवला, आणि तो गोल नेमका बारवेवर जाऊन बसला. त्यांनी खुर्चीतच टाळी वाजवली.

मग पुन्हा मोजणी झाली. आता आरोपीचं दोन एकर पुरतं लाल रेषेच्या बाहेर. आणि पूर्वेचा तो झाडांचा पट्टा आत, गायरानात. बाईंनी गेल्या वर्षाची महिन्यावार चित्रंही काढली: तो दिवाळीच्या चित्रात हिरवा होता आणि संक्रांतीनंतरच्या चित्रात नांगरलेला. त्या काळात आरोपी आणि त्याची बायको कारखान्याच्या फडात होते. टोळीच्या मुकादमाचा जबाब घेतला, त्यानं हजेरीची वही दाखवली.

शनिवारी फिर्यादींना ठाण्यात बोलावलं. पुरवणी जबाब घ्यायचा आहे, असा निरोप दिला. चहा दिला. झाडांचा विषयच काढला नाही.

"तुमच्या गावचा म्हसोबा जागृत म्हणतात," मी म्हणालो.

"लय जागृत, साहेब."

"ओटा छान बांधलाय. कुणी बांधला?"

त्यांचा चेहरा खुलला. ओट्यावर पाटी आहे, तीवर त्यांच्याच वडिलांचं नाव आहे, हे मी पाहून आलो होतो. ते उत्साहानं सांगू लागले. सिमेंट कुठून आणलं, गावजेवण किती पंगतींचं झालं. चांगली दहा मिनिटं बोलला माणूस. मी विचारलं, "आणि देव आधी कुठं होता?"

ते थांबले. कप खाली ठेवला. "आधी... इथंच. तिथंच."

"ओट्याच्या जागेवरच?"

"हो साहेब. पहिल्यापासून."

"चला मग. गाडी आहे. म्हसोबाच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच सांगा, की देवा, तू पहिल्यापासून इथंच आहेस. मी तुमचा जबाब तसाच लिहून घेतो."

असली शपथ कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. पण कोर्टात खोटं बोलायला आमच्याकडं वकील मिळतो, म्हसोबापुढं मिळत नाही. ते उठले नाहीत. मी दिवाळीचं आणि संक्रांतीचं चित्र शेजारी शेजारी ठेवलं. ते हळूच म्हणाले, "साहेब, मिटवता येईल का?"

मग सगळं बाहेर आलं. निम्मं गाव उसाला गेलेलं पाहून त्यांनी ओढ्याकडचा पट्टा साफ केला होता. लाकूड त्यांच्याच ट्रॅक्टरवरून गेलं होतं. उन्हाळ्यात गावात कुजबुज सुरू झाली. कुणी आपलं नाव घ्यायच्या आत दुसऱ्याचं नाव घ्यावं, म्हणून ते फाइल घेऊन आले. देव हलवला तेव्हा ते तरुण होते आणि उचलणाऱ्यांत त्यांचाही हात होता. मोजणीत ओटा धरला गेला की हद्द पश्चिमेला सरकणार, हे गावात फक्त त्यांच्याच ध्यानात आलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, फक्त टाइप केलेल्या.

ट्रॅक्टर जप्त केला, लाकडाचा पंचनामा केला, साक्षीदार आता रांग लावून आले. तहसीलला त्याच दिवशी कळवलं, सोमवारची कारवाई थांबली. पुढं अधिकृत मोजणीही झाली आणि हद्द बोरीच्या झुडपापाशीच निघाली. कोर्टात अहवाल देऊन मी त्या माणसाला सोडवलं आणि स्वतः गाडीतून गावात नेऊन घातलं.

त्याची बायको वावरातच होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "माझी चूक झाली. मी घाई केली."

तो बिचारा संकोचून "न्हाई न्हाई सायेब" करू लागला. ती मात्र म्हणाली, "चूक झाली तर झाली म्हणा. हे हिरवं सोयाबीन काढून बसले म्या, हे आता घरात येणार न्हाई." कडेला चार-सहा ओळी उपटून पडल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. त्या शेंगा पिकायला आणखी पंधरा दिवस हवे होते, आणि ते पंधरा दिवस माझ्या एका न उलटलेल्या पानानं खाल्ले होते.

या प्रकरणानं मला उपग्रहावर अविश्वास ठेवायला शिकवलं नाही. उलट नंतर मी ती पद्धत बऱ्याच तपासांत वापरली आणि ती कधी खोटी पडली नाही. संगणक रेषेच्या आत काय आहे ते बिनचूक मोजतो. रेषा कुठं ठेवायची ते माणूस सांगतो, आणि माणसाला आपण काय विचारतो त्यावर तो काय सांगतो ते ठरतं. तेव्हापासून मी एकच चित्र कधी पाहिलं नाही, आणि 'हे काय आहे' विचारलं की पाठोपाठ 'हे आधी कुठं होतं' हेही विचारायला लागलो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर ती दोघं ऊसतोडीला निघाली. गाडी ठाण्यावरूनच जात होती. ती उतरून आत आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"सायेब, जायलोत आमी. पाडव्यापर्यंत कुणी न्हाई तिथं. तेवढं वावर बघा."

परगावी जाणारे लोक बंद घराची नोंद ठाण्यात करतात. वावराची नोंद करायला आलेली मी ही पहिलीच बाई पाहिली. मी ठाणे अंमलदाराला सांगून रीतसर दैनंदिनीत नोंद घेतली: गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. त्या भागाच्या बीट अंमलदारानं आठवड्यातून एकदा धुऱ्यावर चक्कर मारायची. पाडव्याला ती दोघं माघारी आली, तेव्हा वावर हललेलं नव्हतं.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. नव्या अधिकाऱ्याला चार्ज देताना शस्त्रं मोजून दिली, मुद्देमाल दिला, प्रलंबित गुन्ह्यांची यादी दिली. सह्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी काही राहिलं का?"

"दोन एकर राहिलेत," मी म्हणालो, आणि त्यांना गाडीत बसवून ते वावर दाखवायला घेऊन गेलो.